तुम्ही विचारलेत म्हणून: एल्फचा रंग आणि माझे चार गुण

‘टॉल्किन तुम्हांला जवळजवळ पाठ आहे, मग सावळा एल्फ पडद्यावर पाहून तुम्हांला राग कसा येत नाही?’ टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कल्पनारम्य कादंबरीच्या जगावर बेतलेली ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ ही मालिका सप्टेंबर 2022 मध्ये सुरू झाली आणि त्या जगातल्या एल्फ नावाच्या अमर वंशातला एक जण तिच्यात सावळा दिसला, तेव्हापासून हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की एकदाच नीट उत्तर लिहून ठेवावे असे वाटले. विचारणारे बहुतेक माझ्यासारखेच जुने वाचक असल्यामुळे कथा सांगत बसत नाही.

राग येतो, पण तो दुसऱ्या गोष्टींचा. टॉल्किन यांच्या कालगणनेत 3441 वर्षे चाललेले दुसरे युग या मालिकेने काही माणसांच्या एका आयुष्यात कोंबले आहे, आणि न्यूमेनोर या बेटावरच्या राज्यातल्या माणसांना पिढ्यानपिढ्या पोखरत गेलेली मृत्यूची भीती त्यामुळे मला तिथे जाणवतच नाही. इस्माएल क्रूझ कोर्दोवा यांनी साकारलेला अरोंदिर, म्हणजे तो सावळा एल्फ, मात्र पुस्तकात मुळी नाहीच. लेखकाने जे पात्र लिहिलेच नाही, त्याचा रंग चुकला असे कशाच्या आधारावर म्हणायचे? यावर मला ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या परिशिष्टातले, एल्फ उंच, गोरे आणि करड्या डोळ्यांचे होते असे सांगणारे वाक्य दाखवले जाते. वाक्य खरे आहे. पण फिनार्फिन या एल्फ राजाचे घराणे सोडले तर त्यांचे केस काळे होते, हेही त्याच वाक्यात लिहिले आहे, आणि 2001 पासून या कथेच्या चित्रपटांत दिसलेल्या सोनेरी केसांच्या एल्फांवरून पुस्तक उघडून माझ्याशी भांडायला आजवर कोणी आलेले नाही.

मीही कधी कोणाशी भांडले नाही. हे सांगणे मी बरीच वर्षे टाळले आहे.

चाहत्यांच्या एका संमेलनात मी वेशभूषा स्पर्धेची परीक्षक होते. गुणपत्रिकेत ‘मूळ वर्णनाशी साम्य’ असा दहा गुणांचा रकाना होता आणि तो माझ्याच आग्रहामुळे घातला गेला होता. विशीतली एक मुलगी एल्फच्या वेशात समोर आली. तिच्या राखाडी बाह्यांच्या काठावर चंदेरी धाग्याने तेंग्वार या टॉल्किन यांनी एल्फांसाठी रचलेल्या लिपीतली एक ओळ भरलेली होती. मी तिचा हात धरून ती ओळ अक्षर अक्षर लावत वाचली. आपल्या मात्रांसारखी स्वरचिन्हे व्यंजनांच्या डोक्यावर बरोबर बसली होती, आणि ‘अ’च्या तीन ठिपक्यांतला प्रत्येक ठिपका म्हणजे सुईने घातलेली एकेक बारीक गाठ होती. वेणीतले केस तिचे स्वतःचे होते, काळेभोर. मी तिला चार गुण दिले. तिच्यामागून सोनेरी टोप आणि तयार विकत घेतलेला झगा घालून आलेल्या गोऱ्या मुलीला आठ दिले.

निकालानंतर ती माझ्याकडे आली. ‘ताई, काय कमी पडलं ते सांगाल का? पुढच्या वेळी सुधारीन.’ मी म्हणाले, ‘सगळं छान आहे गं, पण एल्फ वाटत नाहीस.’ तिने आधी स्वतःच्या बाहीकडे पाहिले, मग गुणपत्रिका धरलेल्या माझ्या हाताकडे. माझे मनगट आणि तिचे मनगट एकाच रंगाचे होते. ‘बरं,’ एवढेच म्हणून ती गेली.

माझ्या मनात आकस नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. परंतु कापलेले सहा गुण कशाचे होते, याचे दुसरे कोणतेही उत्तर मला सापडलेले नाही. मला अधिक बोचते ते हे की मी अजाण नव्हते. 2004 मध्ये ‘अर्थसी’ या कादंबऱ्यांवरच्या लघुमालिकेत त्यांचा तांबूस-तपकिरी कांतीचा नायक गेड गोरा केला गेला, तेव्हा आपण पात्रांचे रंग जाणीवपूर्वक निवडले होते असे त्या कादंबऱ्यांच्या लेखिका उर्सुला ले ग्विन यांनी जाहीरपणे लिहिले होते, आणि त्यांचा तो लेख मीच चार जणांना वाचून दाखवला होता.

माझी जुनी बाजू इथे लगेच मला अडवते: गेडचा रंग राखायचा, मग एल्फचा का नाही? मी सांगते की गेडचा रंग हा नायक गोराच असतो या सवयीला दिलेला नकार होता, तो पुसला की कादंबरीचे म्हणणेच पुसले जाते. एल्फच्या गोरेपणावर मात्र कथेतले काहीच उभे नाही. ती विचारते, कोणत्या वर्णनावर काय उभे आहे हे ठरवणार कोण, पुन्हा तूच? तिथे मी गप्प होते. मग मी तिला ‘द हंगर गेम्स’ या कादंबरीतल्या रू नावाच्या मुलीची आठवण करून देते. पुस्तकात तिची त्वचा स्पष्टपणे गडद तपकिरी लिहिलेली असूनही 2012 च्या चित्रपटात ती तशी दिसली म्हणून कित्येक चाहते संतापले होते. त्या वेळी पुस्तकाचा आधार कोणाला हवा होता? यावर तिच्याकडे उत्तर नसते, पण म्हणून तिचा पहिला प्रश्न सुटत नाही.

तो रकाना त्या संमेलनाच्या गुणपत्रिकेत अजून आहे, आणि तो काढा असे मी सांगितलेले नाही. कारण त्याच रकान्यात, त्याच शब्दांवर बोट ठेवून, त्या मुलीला दहापैकी दहा मिळायला हवे होते.