जुन्या बुलेटचा खडाक्: गिअरबॉक्स अजून बंदच आहे

बुलेटचं काम थोडं पुढे सरकलंय, म्हणून हा भाग. पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी गाडीची ओळख: १९८६ ची, कास्ट आयर्न इंजिन, चार गिअर, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. पहिला वर, बाकीचे तीन खाली. दुखणं तीन प्रकारचं होतं. न्यूट्रलमधून पहिला टाकला की असा खडाक् व्हायचा की चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघायची. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना करकर यायची. आणि गाडी तापली की रेल्वे गेटवर उभं राहून न्यूट्रल शोधत बसायचं. टाचेखालचा न्यूट्रल फाइंडर तिथे उपयोगाचा नाही, कारण तो पहिला सोडून बाकीच्या गिअरमधूनच काम करतो.

चाळीसगावात ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, "गिअरबॉक्स खोल." ही गाडी कुणी आणली की आधी गिअरबॉक्स उतरवायचा, ही इकडची जुनी खोड. अपवाद एक, आमचे मिस्त्री आबा. त्यांनी गाडीला हातही लावला नाही. मला पहिला टाकायला लावला, कान दिला आणि म्हणाले, "भाऊ, हाऊ आवाज गिअरना नही, क्लचना शे."

आबांचं म्हणणं तपासायला पाना लागत नाही. गाडी मेन स्टँडवर लावायची, इंजिन तापू द्यायचं, न्यूट्रलमध्ये क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबायचं आणि मग पहिला टाकायचा. क्लच नीट सुटत असेल तर तेवढ्या वेळात आतला शाफ्ट मंदावतो आणि गिअर हलक्या 'टक'सरशी बसतो. माझ्या गाडीत थांबा नाहीतर थांबू नका, खडाक् तोच. वरून क्लच दाबलेला असताना, पहिल्या गिअरमध्ये मागचं चाक आरामात फिरत होतं, आणि ब्रेक लावला की इंजिन दबायचं.

कारण साधं आहे. या बॉक्समध्ये गिअर एकमेकांत कायम अडकलेलेच असतात. आपण लिव्हर मारतो तेव्हा दात सरकत नाहीत, गिअरच्या बाजूला असलेले जाड उभार, म्हणजे डॉग, एकमेकांत घुसतात. न्यूट्रलमध्ये गाडी उभी असताना एका बाजूचा डॉग इंजिनसोबत फिरतोय आणि दुसरा चाकासोबत थांबलाय. क्लचने इंजिन पूर्ण सोडलं नाही तर फिरता डॉग थांबलेल्यावर आदळणारच. म्हणून या गाड्यांत पहिला टाकताना थोडा आवाज असायचाच. तो मुळीच नको असेल तर दुसरी गाडी घ्यावी.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी बाहेरची कामं उरकली. क्लच लिव्हरला २-३ मिमी ढील ठेवली. केबल आतून कोरडी पडली होती आणि वाकणात दोन तारा तुटल्या होत्या, म्हणून नवीनच टाकली. मागची चेन २५ मिमी खेळेल अशी केली, चेन ताणायचे दोन्ही बाजूंचे गोगलगायी कॅम एकाच खाचेवर आणले. मागच्या हबमधले धक्का झेलणारे कुश रबर दगड झाले होते. चाक हातात धरून पुढेमागे हलवलं की ठकठक ऐकू यायची. ते धुळ्याहून आग्रा रोडवरून आणले. एवढ्यानेच धावत्या गाडीतला गिअर बदलतानाचा धक्का निम्मा झाला. पहिल्याचा खडाक् मात्र जसाच्या तसा.

मग डावं कव्हर. डावा फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल काढलं की पूर्ण कव्हर मधल्या एका नटावर निघतं. या रचनेला मी कायम दाद देतो आणि तिच्या रबर सीलला कायम शिव्या देतो. आत ऑइल होतं, पण डांबराच्या चुलतभावासारखं. क्लचच्या प्लेटा एकमेकींना इतक्या चिकटल्या होत्या की बोटाने सुटेनात. रॉकेलने धुतल्या. स्टीलच्या प्लेटा जाड काचेवर ठेवून बघितल्या. एक डुगडुगत होती, ती बदलली. ड्रमच्या बोटांवर प्लेटांनी पाडलेल्या खाचा बारीक कानसीने सपाट केल्या. इथे हात आवरता ठेवा, जास्त घासलं की प्लेट सैल होऊन वाजायला लागते. प्रायमरी चेन (इंजिनपासून क्लचपर्यंतची) सगळ्यात ताणलेल्या जागी साधारण ६ मिमी खेळेल अशी ठेवली.

खरी गंमत पुढे. या क्लचला स्प्रिंग तीनच. तीन स्क्रू सारखे आवळले तरी तिन्ही स्प्रिंगांचा जोर सारखा नसतो, म्हणून प्रेशर प्लेट एका बाजूने आधी उचलते आणि दुसरी बाजू प्लेटा धरून ठेवते. वरून बघून हे कळत नाही. एक जुना स्पोक वाकवून केसला बांधला, टोक प्लेटच्या कडेपासून कागद जाईल इतकं लांब ठेवलं. भाच्याला क्लच दाबायला लावला आणि हळूहळू किक मारली. प्लेट फिरताना एका जागी स्पोकला घासायची, समोरच्या बाजूला चांगली फट दिसायची. जिथे प्लेट कमी उचलते तिथला स्क्रू पाव आटा सैल, समोरचा पाव आटा घट्ट, पुन्हा किक. असं करत करत फट सगळीकडे सारखी झाली. भाचा कंटाळून गेला, मला मात्र उठवत नव्हतं.

ऑइल साधं २०डब्ल्यू५०, लेव्हल स्क्रूपर्यंत. घसरण कमी करणारी खास द्रव्यं असलेलं मोटारीचं ऑइल टाळलं, त्याने क्लच सरकतो. गिअरबॉक्सचं झाकण मात्र उघडून बघितलं. आधीच्या कुणीतरी नुसतं ग्रीस कोंबलेलं. ग्रीस कडेला जाऊन बसतं आणि बुश कोरडे राहतात. निघेल तेवढं काढून ईपी ९० गिअर ऑइल भरलं. बाटलीवर जीएल-४ हा दर्जा बघून घेतलं, कारण आत ब्राँझचे बुश आहेत आणि जीएल-५ मधली रसायनं पिवळ्या धातूला मानवत नाहीत.

चाचणीला कन्नडचा घाट, तोही मे महिन्यातल्या दुपारी, मुद्दाम. वळणावर दुसऱ्यातून पहिला टाकला तर नुसतं 'टक'. वर पोचून गाडी तापलेली असताना न्यूट्रल पायाला लगेच लागला. सकाळी थंड गाडी चालू करण्याआधी क्लच दाबून दोन-तीन किका मारून प्लेटा सुट्या करायची सवय लावलीय, आणि आयडलिंग खाली आणलंय. आयडलिंग चढं असेल तर वरची सगळी मेहनत असूनही आवाज येतो.

दुसऱ्या-तिसऱ्यातली करकर अजून आहे, कमी झाली इतकंच. जोर लावून गिअर मारला की कधीकधी मध्येच फसवा न्यूट्रल लागतो. त्यामुळे पुढचा संशय गिअरबॉक्सच्या बाहेरच्या कव्हरामागच्या, पायाच्या गिअर लिव्हरच्या रॅचेट प्लेटवर. तिची भोकं लांबट असतात, नट सैल करून ती किंचित इकडेतिकडे सरकवता येते. ते बसलं तर ठीक, नाहीतर डॉगच्या कडा झिजल्या असं धरून पोळ्यानंतर बॉक्स उतरवणार. तुमच्यापैकी कुणी ती प्लेट सरकवली असेल तर कुठल्या गिअरपासून सुरुवात केली ते सांगा. आबा म्हणतात तिसऱ्यापासून, मला दुसरा बरोबर वाटतो.