ऑपेरा १५ आलं तेव्हा लोक एवढे का भडकले होते

ब्राउझरचं नवीन व्हर्जन आलं की शिव्या पडतातच, त्यात नवल काही नाही. फायरफॉक्सने २०१४ ला २९ नंबरच्या व्हर्जनमधे टॅबना वळणं दिली आणि मेनू उजवीकडच्या तीन रेघांमधे नेऊन ठेवला तेव्हा लोक म्हणाले ही क्रोमची कॉपी, मग २०२१ ला ८९ मधे टॅब सुट्या बटणांसारखे दिसायला लागले तेव्हा म्हणाले आधीचंच बरं होतं. अशी बोंबाबोंब थोडे दिवस चालते, मग डोळ्यांना सवय होते आणि सगळे गप.

२०१३ ला आलेल्या ऑपेरा या ब्राउझरच्या १५ नंबरच्या व्हर्जनचं प्रकरण तसलं नव्हतं. तिथे लोक भडकले ते दिसण्यावरून नाही, आणि आज इतक्या वर्षांनी मला वाटतं की लोकांचा राग शंभर टक्के खरा होता, फक्त निघाला भलत्याच गोष्टीवर.

ज्यांनी जुनं ऑपेरा वापरलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण त्याशिवाय हे कळणार नाही. ऑपेरा म्हणजे नॉर्वेची कंपनी, १९९४ ला टेलेनॉर या तिथल्या टेलिफोन कंपनीत प्रोजेक्ट म्हणून सुरू झालेलं. २००५ पर्यंत फुकटात हवं असेल तर वर जाहिरातीची पट्टी सहन करायला लागायची. वापरणारे कमी, पण जे होते ते एकदम कट्टर. ऑपेरा १२ मधे काय नव्हतं ते विचारा. इमेल क्लायंट आत, आरएसएस (साइटवर नवीन काय आलं ते आपोआप आणून देणारं फीड) आत, नोट्स आत, एका टॅबवर दुसरा टॅब टाकून गठ्ठा करता यायचा, चुकून बंद केलेले टॅब कचऱ्याच्या डब्यात मिळायचे, एफ १२ दाबलं की आलेल्या छोट्या मेनूतून जावास्क्रिप्ट (पानातला चालणारा कोड) बंद-चालू, माउसचं उजवं बटण दाबून धरून हात हलवला की मागे-पुढे. सेटिंगमधे एक टिक केली की झेड दाबा मागे, एक्स दाबा पुढे, १ आणि २ ने टॅब बदला. आणि फक्त कॅशमधल्याच, म्हणजे आधी उतरवून ठेवलेल्याच, इमेज दाखव असंही एक ऑप्शन होतं, जे आपल्याकडच्या मोजून-मापून डेटा मिळणाऱ्या प्लॅनच्या जमान्यात सोन्यासारखं होतं.

म्हणजे प्रत्येकाचं ऑपेरा वेगळं. एकाचं ऑपेरा दुसऱ्याला चालवता येईलच असं नाही इतकं लोकांनी ते आपल्या हाताला बसवून घेतलेलं.

आता दुसरी बाजू. आतलं इंजिन, म्हणजे साइटचा कोड वाचून पान दाखवणारा भाग, त्यांचं स्वतःचं, प्रेस्टो नावाचं, २००३ पासूनचं. वेगवान होतं पण जगातल्या साइटवाल्यांना त्याच्याशी घेणंदेणं नव्हतं. ऑपेरा १० येताना तर गंमतच झाली, कित्येक साइट्सचा कोड व्हर्जनचा पहिला आकडाच वाचायचा, म्हणजे १० आलं की त्यांना १ दिसणार आणि ते म्हणणार ब्राउझर फार जुना आहे बाबा, चालणार नाही. शेवटी ऑपेराने साइटला स्वतःची ओळख ९.८० अशीच सांगायला सुरुवात केली आणि खरा नंबर मागे कुठेतरी टाकला, ते अगदी १२ पर्यंत तसंच. शिवाय ब्राउझर डॉट जेएस नावाची एक फाइल ते स्वतःच गुपचूप अपडेट करत राहायचे, त्यात काय, तर दुसऱ्यांच्या साइट्समधल्या चुका ऑपेरामधे दुरुस्त करून दाखवायचे जुगाड. लोकांच्या घरचे नळ आपण दुरुस्त करत फिरायचं आणि वर तेच म्हणणार तुमच्याच पाण्यात दोष आहे. किती दिवस करणार?

तर फेब्रुवारी २०१३ मधे कंपनीने जाहीर केलं की आमचे सगळे ब्राउझर मिळून ३० कोटी लोक वापरतात आणि आम्ही प्रेस्टो सोडून क्रोममधल्या वेबकिट इंजिनवर जातोय. एप्रिलमधे गूगलने वेबकिटमधून ब्लिंक नावाचं आपलं इंजिन वेगळं काढलं, मग हेही त्यांच्यामागोमाग ब्लिंकवर. इथपर्यंत लोक नाराज होते पण समजून घेत होते. इंजिन बदललं तर बदललं, साइट्स तरी नीट उघडतील.

मग मे महिन्याच्या शेवटी चाचणीचं व्हर्जन आलं, ऑपेरा नेक्स्ट १५, आणि लोकांनी उघडून बघितलं तर आत बुकमार्क नाहीत. म्हणजे लपवलेत वगैरे नाही, नाहीतच. ब्राउझरमधे बुकमार्क नाहीत! इमेल काढून वेगळं ऑपेरा मेल केलेलं. नोट्स गेल्या, टॅबचे गठ्ठे गेले, साइडचं पॅनल गेलं. बदल्यात काय, तर डिस्कव्हर नावाचं बातम्यांचं पान आणि स्टॅश, ज्यात पान नंतर वाचायला ठेवायचं. बुकमार्क पाहिजेत तर स्पीड डायलमधे, म्हणजे नवीन टॅबवर दिसणाऱ्या आवडत्या साइट्सच्या चौकोनांमधे, फोल्डर करा म्हणे. ज्यांच्याकडे दहा-बारा वर्षांचे हजारो बुकमार्क फोल्डरमधे फोल्डर करून लावलेले त्यांना हे सांगणं म्हणजे, असो.

लोकांनी तेव्हाच ओरडून सांगितलं. डेस्कटॉप टीमच्या ब्लॉगखाली नुसता पाऊस पडला. क्रोपेरा हे नाव तेव्हाच पडलं, क्रोमचं कातडं घातलेलं ऑपेरा. बरेच जण समजूत घालत होते की अरे हे टेस्टिंगचं आहे, फायनलमधे सगळं येईल. आणि मग २ जुलै २०१३ ला फायनल आलं, बुकमार्कशिवाय. नंबर पण कसा, १२ वरून डायरेक्ट १५. लिनक्सवाल्यांसाठी तर आलंच नाही, ते १२.१६ वरच अडकून पडले आणि त्यांना नवीन ऑपेरा मिळालं डिसेंबर २०१४ मधे, २६ नंबरचं.

आता मी मगाशी म्हणालो ते. बहुतेकांनी सगळा दोष क्रोमियमला, म्हणजे क्रोम ज्यावर बनतं त्या गूगलच्या खुल्या कोडला, दिला, की गूगलचं इंजिन घेतलं म्हणून ऑपेराचा आत्मा गेला. पण बुकमार्क आणि गठ्ठे गेले ते ब्लिंकमुळे नाही. जुनं इंजिन टाकताना ऑपेराने वरचा सगळा डोलारा पण टाकून दिला आणि नवीन कोरा बांधायला घेतला. हे नव्याने लिहायला वर्षं लागतात हे मान्य आहे. पण मग दोन खोल्या बांधून झाल्यावरच वास्तुशांत करून टाकली ती कंपनीने, इंजिनाने नाही. त्यालाच दुसरं काही नाव देऊन नवीन ब्राउझर म्हणून आणलं असतं तर निम्मी बोंब झाली नसती असं माझं मत आहे. १५ म्हटल्यावर माणूस १२ मधलं सगळं धरूनच चालतो ना.

आणि हे इंजिनामुळे नव्हतं याचा पुरावा पुढे मिळाला. ऑपेराचे एक संस्थापक योन फॉन टेट्झनर २०११ लाच कंपनी सोडून गेले होते. ऑपेराने मार्च २०१४ मधे माय ऑपेरा ही लोकांची ब्लॉग-फोरमची जागा पण बंद केली, तेव्हा टेट्झनरांची विवाल्डी नेट ही तशीच साइट त्या लोकांसाठी उभी होती. आणि जानेवारी २०१५ मधे त्यांनी विवाल्डी ब्राउझरची पहिली झलक आणली, तेच क्रोमियम आत, आणि वर टॅबचे गठ्ठे, नोट्स, पॅनल, माउसचे इशारे. एप्रिल २०१६ ला १.० आलं. तिकडे ऑपेरानेही २०१४ च्या ऑक्टोबरमधे २५ नंबरच्या व्हर्जनमधे बुकमार्क परत आणलेच, पण तोवर जायचे ते लोक गेले होते.

आपल्याकडे मात्र यातलं बरंचसं कुणाला कळलंच नाही, कारण आपलं ऑपेरा म्हणजे फोनवरचं ऑपेरा मिनी. नोकियाच्या जावावाल्या फोनवर मराठी अक्षरांऐवजी चौकोन यायचे, मग ॲड्रेसमधे ऑपेरा कोलन कॉन्फिग टाकून खाली कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी बिटमॅप फॉन्टचं सेटिंग येस करायचं आणि सर्व्हर आपल्याला अक्षरांची चित्रं करून पाठवायचा. मराठी साइट्स फोनवर वाचायची सुरुवात कित्येकांची तिथून झाली. ते चालू होतं तसंच चालू राहिलं, डेस्कटॉपवर काय रामायण झालं याचा तिथे पत्ताही नाही.

बाकी इमेलसाठी १२ धरून बसलेल्यांची खरी तपश्चर्या. विवाल्डीचं मेल १.० आलं जून २०२२ मधे, म्हणजे जवळपास नऊ वर्षांनी. ज्यांना अजून हात शिवशिवतात त्यांनी विवाल्डीच्या सेटिंगमधे कीबोर्डच्या पानावर जाऊन एका अक्षराचे शॉर्टकट चालू करा, १ आणि २ ने टॅब बदलतात.