हॉलसँड्सला जाताय? पोस्टकार्ड बघून जाऊ नका, पोस्टकार्ड घेऊन जा

मार्चमध्ये इंग्लंडमधल्या डेव्हनला जाऊन आले. तीन दिवसांची ट्रिप होती, पण त्यातलं एकच ठिकाण डोक्यातून जात नाहीये, त्यामुळे सगळं त्याच्याबद्दलच लिहितेय. डार्टमथ, किंग्जब्रिज वगैरे छान आहे, बिनधास्त जा, त्याला सल्ल्याची गरज नाही.

हॉलसँड्स म्हणजे स्टार्ट पॉइंटच्या दीपगृहाच्या अलीकडे कड्याच्या पायथ्याशी वसलेलं, आता समुद्राने गिळलेलं मच्छीमारांचं गाव. 1891 मध्ये 37 घरं, 159 माणसं, एक लंडन इन नावाचा पब. जुन्या फोटोंत घरांची रांग दिसते, पुढ्यात गोट्यांचा रुंद किनारा, त्यावर ओढून ठेवलेल्या होड्या, खेकड्यांच्या टोपल्या. मला वाटलं निदान भिंती तरी असतील, त्या गल्लीत उभं राहून तसाच फोटो काढू. तर ती गल्लीच नाहीये. अवशेषांत उतरायला बंदी आहे, वरच्या प्लॅटफॉर्मवरून बघायचं, दोन-तीन मोडक्या भिंती आणि खाली समुद्र. जुना फोटोग्राफर जिथे तिवई लावून उभा होता तिथे आता पाणी आहे. हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं, सगळे नुसतं "सुंदर जागा, नक्की बघा" म्हणत होते.

आता रस्ता. प्लिमथ-डार्टमथ बसने टॉरक्रॉसला उतरा. तिथला शर्मन रणगाडा (दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीवर उतरायच्या, म्हणजे डी-डेच्या, 1944 च्या सरावातला, 1984 मध्ये समुद्रातून बाहेर काढलेला) पाच मिनिटांत बघून होतो. पुढे कोस्ट पाथने, म्हणजे समुद्रकाठच्या पायवाटेने, बीसँड्स आणि मग हॉलसँड्स, सगळं मिळून साडेचार-पाच किलोमीटर. सह्याद्रीत फिरलेल्यांना अंतर काहीच नाही, पण टॉरक्रॉसमधून बाहेर पडतानाची ती पायऱ्यांची चढण आणि नंतर बीसँड्सकडे उतरतानाचा चिखल, त्याने माझा जीव काढला. आदल्या रात्रीचा पाऊस, पायवाट घसरडी, धरायला एका बाजूला काटेरी झुडपं, वरून पूर्वेचा वारा थेट तोंडावर. साध्या स्पोर्ट्स शूजवर जाऊच नका, ग्रिपवाले ट्रेकिंग शूज आणि काठी हवीच. बीसँड्सला आल्यावर हायसं वाटून मी सरळ किनाऱ्याने चालायला लागले, तीही चूकच, गोट्यांत पाय घोट्यापर्यंत रुततो आणि दहा मिनिटांत पोटऱ्या भरून येतात. वरची वाट धरा. बीसँड्स ते हॉलसँड्स या टप्प्यात बाकी काही त्रास नाही.

आता मुख्य गोष्ट, पोस्टकार्डाची. जायच्या आदल्या दिवशी एका जुन्या वस्तूंच्या बाजारात मी हॉलसँड्सचं कार्ड 28 पौंडांना घेतलं. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं, "1895 चं आहे, उपसा सुरू व्हायच्या आधीचं." (उपसा म्हणजे गावासमोरच्या समुद्रातून वाळू-गोटे काढणं, त्यानेच किनारा गेला, ते पुढे सांगते.) प्लॅटफॉर्मवर उभी राहून तिथल्या फलकांवरचे जुने फोटो आणि हातातलं कार्ड ताडून बघत होते तेव्हा लक्षात आलं की माझ्या कार्डात किनाराच नाहीये, घरांखालची भिंत पायापर्यंत उघडी पडलीय. म्हणजे हा फोटो उपशाच्या आधीचा असूच शकत नाही. मग कार्ड उलटं केलं. मागे मधोमध रेघ, डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. ब्रिटनमध्ये पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहायची परवानगी 1902 मध्ये मिळाली, त्याआधी ती अख्खी बाजू पत्त्यालाच असायची. म्हणजे 1895 ची गोष्ट साफ खोटी. परत जाऊन भांडले तर पैसे मिळाले नाहीत. कार्ड घेताना आधी मागची बाजू बघा, चित्र नंतर. "रियल फोटो" म्हणून विकत असतील तर भिंग लावा, छपाईचे ठिपके दिसले की तो फोटो नाही.

पण त्या भिंतीमुळेच मला ते गाव कळलं. 1897 मध्ये डेव्हनपोर्टच्या नौदल गोदीचं काम वाढवायला काँक्रीट हवं होतं, म्हणून सर जॉन जॅक्सन या कंत्राटदाराने गावासमोरच्या समुद्रातून वाळू-गोटे उपसायला सुरुवात केली, दिवसाला 1600 टनांपर्यंत. तज्ज्ञ म्हणाले समुद्र आपोआप भरून काढेल. भरलं नाही, कारण तिथले गोटे फार जुन्या काळी साठलेले आहेत, नवीन येतच नाहीत. गावकरी ओरडत राहिले, 1902 मध्ये उपसा थांबला, तोवर साधारण साडेसहा लाख टन गेले होते. किनारा कित्येक फूट खाली बसला. 26 जानेवारी 1917 ला मोठी भरती आणि पूर्वेचं वादळ एकदम आलं आणि गाव गेलं. एकही माणूस दगावला नाही, पण राहण्याजोगं एकच घर उरलं. भरपाईसाठी सात वर्षं भांडावं लागलं, चौकशीचा अहवाल गावाच्या बाजूने होता तो दाबून ठेवला. एलिझाबेथ प्रेटीजॉन मात्र त्या एका घरात 1964 ला मरेपर्यंत राहिली. कोकणातल्या खाड्यांमधले वाळू उपसणारे ड्रेजर बघितलेत मी, त्यामुळे तिथे उभं राहून हे वाचताना पोटात गोळा आला.

तर असं करा. 1897 च्या आधीचा एक, 1902 नंतरचा एक आणि 1917 नंतरचा एक, असे तीन फोटो प्रिंट करून न्या, मोबाइलवर नको, उन्हात काही दिसत नाही. घरं बघू नका, घरांच्या उंबऱ्यापासून गोटे किती खाली गेलेत तेवढंच बघा. कार्ड विकत घ्यायची गरजच नाही, किंग्जब्रिजच्या कुकवर्थी म्युझियममध्ये (1670 च्या शाळेची इमारत) या भागाच्या जुन्या फोटोंचा संग्रह आहे, फक्त हिवाळ्यात बंद असतं म्हणून आधी चौकशी करा. ओहोटीच्या वेळी पोचा, भिंतींचा पाया तेव्हाच दिसतो. स्टार्ट पॉइंटपर्यंत जायचा मोह झाला तर परतीच्या बसची वेळ आधी बघा, मी नाही बघितली आणि त्याच चिखलातून अंधारात परत आले.