आमची वाटचाल : ताशी पंचवीसच्या आत

पुण्यात वारज्यातलं आमचं दुकान मुळात सायकलचं. बाबांनी ते टाकलं तेव्हा भाड्याच्या सायकली, पंक्चर, ओव्हरऑइलिंग आणि जून तोंडावर आला की शाळकरी मुलांच्या नव्या सायकली, एवढाच पसारा होता. भाड्याच्या सायकली बंद पडल्या. गियरवाल्या आल्या, त्यांनी काही वर्षं बरी चालवली, मग ऑनलाइनवाल्यांनी त्यातला नफा खाल्ला. दुकान माझ्याकडे आलं तेव्हा गल्ल्यापेक्षा उधारीची वही जाड होती. बॅटरीवरच्या दुचाकी गाड्या ठेवायला मी सुरुवात केली ती पर्यावरणाच्या प्रेमापोटी वगैरे नाही. ‘लायसन्स नको, पासिंग नको’ या चार शब्दांवर गिऱ्हाईक आत येतं, हे दिसत होतं म्हणून.

हे चार शब्द येतात कुठून, हे बऱ्याच विक्रेत्यांनाही धड सांगता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम २(यू) म्हणतो की मोटरची तीस मिनिटांची ताकद २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर ती गाडी कायद्याच्या लेखी मोटार वाहनच नाही. ब्रेक हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. आणि लोक नेमकं विसरतात ते असं, की हे सगळं मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासून तसं प्रमाणपत्र दिलेलं हवं. अशी एक संस्था, एआरएआय, आमच्यापासून फार लांब नाही, वेताळ टेकडीवर आहे. माल घेताना मी आधी तो कागद मागतो. तो ‘नंतर व्हॉट्सॲप करतो’ म्हणणाऱ्यांचा माल दुकानात चढत नाही.

पहिली काही वर्षं गिऱ्हाईक कोण होतं? निवृत्त मंडळी. क्लासला जाणाऱ्या मुलींचे आईवडील. माळवाडीत चार घरी पोळ्या करणाऱ्या एक ताई, ज्यांनी गाडीभोवती तीन चकरा मारून एकच प्रश्न विचारला होता, “दादा, लायसनची भानगड नाही ना?” आणखी एक जण डबे पोचवायचे. यातल्या कुणाला पंचविसाच्या वर पळायचं नव्हतंच. पेट्रोल परवडत नव्हतं आणि आरटीओत खेटे घालायला वेळ नव्हता, एवढीच त्यांची अडचण.

एप्रिल २०१९ मध्ये फेम, म्हणजे विजेवरच्या गाड्यांना अनुदान देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि त्यात दुचाकीला अनुदान हवं तर वेग ताशी ४० आणि एका चार्जिंगमध्ये ८० किलोमीटर, अशी अट आली. आमच्या गाड्या तिथेच बाद. शोरूमवाल्यांच्या मोठ्या स्कूटरला सरकारी अनुदान आणि आमच्या सावकाश चालणाऱ्या गाडीला शून्य. तरी धंदा टिकला, कारण २०२१ मध्ये पुण्यात पेट्रोल शंभरीपार गेलं. त्या पावसाळ्यात बुकिंग घेऊन गाडी द्यायला आमच्याकडे गाडीच नसायची.

आणि नेमकं तेव्हाच बाजार बिघडला.

गाडीच्या सीटखालचं झाकण काढलं की अंगावर पट्ट्या असलेली ॲल्युमिनियमची एक डबी दिसते. तो कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती वीज सोडायची ते ठरवणारा. त्यातून निघणाऱ्या वायरींच्या जुडग्यात बहुतेक गाड्यांना दोन वायरी एका छोट्या कनेक्टरने जोडलेल्या असतात. तो कनेक्टर सोडवला की वेगाची मर्यादा गेली. पाना लागत नाही, स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही, दोन बोटं पुरतात. काही मॉडेलमध्ये तेवढेही कष्ट नाहीत, डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये आकडा बदलायचा. पंचविसाची गाडी पंचेचाळीस-पन्नासला पळू लागते, नंबर प्लेट नाही ती नाहीच.

“तेवढी वायर काढून द्या ना शेठ,” हे वाक्य आमच्या काउंटरवर रोज व्हायचं. आम्ही नाही म्हणायचो आणि गिऱ्हाईक पुढच्या चौकात जायचं. यात तत्त्वाचा भाग होता, पण हिशेबाचाही होता. कनेक्टर सुटला की ती गाडी सवलतीतून बाहेर पडते आणि कायद्याने मोटार वाहन होते, तेही बिनानोंदणीचं, बिनाविम्याचं. कुणाला धडक बसली तर भरपाई चालवणाऱ्याच्या खिशातून. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य वाहन विकणाऱ्या डीलरला प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंड किंवा वर्षापर्यंत कैद आहे. एका गाडीत आम्हाला सुटतात किती, तर बॅटरी-चार्जरच्या वॉरंटीची रड वजा केली की हातात फारसं काही उरत नाही. त्यासाठी लाखाची जोखीम कोण घेईल? घेणारे निघाले, आणि भरपूर निघाले.

२०२२ च्या मार्चमध्ये लोहगावात रस्त्याकडेला उभी असलेली ई-स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला. पाठोपाठ एप्रिलमध्ये नाशिकला कंटेनरमधल्या स्कूटर जळाल्या. मे महिन्यात राज्याच्या परिवहन आयुक्तालयाने बेकायदा बदल केलेल्या आणि मान्यता नसलेल्या ई-बाइकवर कारवाईचे आदेश दिले. आमच्याकडेही तपासणी झाली. कागद पाहिले, गाड्या पाहिल्या, निघून गेले. पण गिऱ्हाइकाला तेवढं पुरलं. ‘बॅटरीच्या गाड्या बंद होणार’ अशी हूल उठली आणि दिवाळीपर्यंत दुकानात माश्या मारायची वेळ आली. त्या काळात जुन्या लेड-ॲसिड बॅटऱ्या बदलून देण्याच्या कामाने आम्हाला तारलं. एका गाडीला १२ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या, जुन्यांचं वजन करून भंगाराची रक्कम वजा. घाणेरडं, जड काम. पण रोकडा.

तेव्हापासून थोड्या-थोड्या दिवसांनी तोच विषय वर येतो. या गाड्यांनाही नोंदणी, नंबर प्लेट आणि लायसन्स सक्तीचं करा, ही मागणी. जगभर हेच चाललंय. न्यूयॉर्क शहराने ऑक्टोबर २०२५ मध्ये ई-बाइकला ताशी १५ मैल, म्हणजे आपल्या साधारण २४ किलोमीटरची मर्यादा घातली. तिकडे अमेरिकेतच एडिसनला राहणारा आमचा एक जुना गिऱ्हाईक सांगत होता, त्यांच्या न्यू जर्सीत २०२६ च्या जानेवारीत लायसन्स आणि नोंदणीचा कायदाच झाला.

माझं म्हणणं निर्बंध नकोत असं अजिबात नाही. सोळाच्या आतल्या मुलासाठी आम्ही गाडी देत नाही, हे नियमात नाही, आमच्या दुकानात आहे. ट्रिपल सीट, उलट्या दिशेने, कानात हेडफोन घालून जाणारी पोरं मी रोज बघतो आणि रोज चिडतो. पण नोंदणी सक्तीची केली तर पकडलं कोण जाईल? कनेक्टर सोडवून पळणारा नाही, तो आजही पळतोच आहे. पकडल्या जातील त्या पोळीवाल्या ताई. त्यांची गाडी चांदणी चौकाच्या चढावर मागे कुणी बसलं तर दम टाकते. त्यांना लायसन्स, पासिंग, विमा हे सगळं लावलं, तर त्या पुन्हा बसस्टॉपवर उभ्या राहतील.

शिवाय आज तपासणी होते ती स्टिकरची. मोटरवर ‘२५०’ छापलेलं दिसलं की झालं. २५० हा आकडा सलग तीस मिनिटांच्या ताकदीचा आहे. चढावर मोटर त्याच्या कितीतरी पट ओढू शकते. ६० व्होल्टची बॅटरी आणि २० ॲम्पियरचा कंट्रोलर असेल तर साधा गुणाकार १२०० वॉटवर जातो. म्हणजे गाडी किती पळेल हे स्टिकर नाही, कंट्रोलर ठरवतो. मग मर्यादा त्याच्या आत, उघडता न येणारी हवी. सोडवता येईल असा कनेक्टर कारखान्यातूनच येत असेल, तर तो कशासाठी ठेवलाय हे शेंबड्या पोरालाही कळतं. दंड करायचा तर तिथे करा.

नियमांचा मसुदा निघाला की हरकती-सूचनांसाठी मुदत मिळते. आमचं पत्र तयार आहे: सीलबंद कंट्रोलर, प्रमाणपत्राचा क्रमांक गाडीच्या चेसिसवर कोरलेला, आणि वयाची किमान अट. परिसरातल्या चार-पाच दुकानदारांनी सही करायची तयारी दाखवली आहे. दोघांनी ‘बघू’ म्हणून टाळलं. त्यांच्या गॅरेजात काय चालतं ते मला माहीत आहे, त्यामुळे आग्रह केला नाही.

सध्या दुकानात विक्रीपेक्षा दुरुस्ती जास्त आहे. माझी बायको हिशेब आणि वॉरंटीचे क्लेम बघते, दोन मेकॅनिक आहेत, आणि बाबा सकाळी येऊन सायकलींच्या कोपऱ्यात बसतात. पंक्चर अजून तेच काढतात. पुढच्या ऑर्डरपासून कंट्रोलर सीलबंद नसेल तर माल उतरवून घेणार नाही, असं आमच्या दोन्ही पुरवठादारांना कळवलंय. एकाने गाडीमागे थोडे पैसे वाढवून होकार दिला. दुसऱ्याचं उत्तर यायचंय.