बीकेसीतली रांग आणि काकूंचे बारा लाख

18 एप्रिल 2023. बीकेसीतल्या जिओ वर्ल्ड ड्राइव्हमध्ये ॲपलचं देशातलं पहिलं दुकान उघडलं, कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी स्वतः दार उघडलं, आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पार्ल्याच्या एक काकू गुंतवणुकीचा सल्ला घ्यायला माझ्या दादरच्या ऑफिसात आल्या. सोबत मुलगा, सकाळपासून त्या रांगेत उभा राहून आलेला, आणि धाकटे दीर. काकूंचं पोळी-भाजी केंद्र आहे. पालघरची जमीन विकून त्यांच्या वाट्याला बारा लाख आले होते. मुलाचं म्हणणं, सगळे ॲपलच्या शेअरमध्ये टाका. "रांग बघितली असतीत ना सर, तर तुम्हीपण घेतला असता."

दीर शाओमीवाले. "आमच्या चाळीत, ट्रेनमध्ये, जिकडे बघाल तिकडे हाच फोन. शेअर घ्यायचा तर याचा घ्या." काकूंचा स्वतःचा सॅमसंग टेबलावर पालथा पडला होता, कव्हरच्या कडेला कणीक सुकलेली.

गुंतवणूक सल्लागाराच्या धंद्यात हे नेहमीचंच: ज्याच्या खिशात जो फोन, त्याची ती कंपनी भारी. दिरांना मी हाँगकाँगचा भाव दाखवला. शाओमी 2018 साली 17 हाँगकाँग डॉलरला बाजारात आली. भारतात कित्येक तिमाह्या पहिल्या नंबरावर राहिली, तरी 2023 च्या त्या एप्रिलात भाव 17 च्या बराच खाली होता. हार्डवेअरवर 5 टक्क्यांपेक्षा जास्त निव्वळ नफा घेणार नाही, असं कंपनीनेच जाहीर केलं होतं. गिऱ्हाईक म्हणून मला ते फार आवडतं, भागीदार म्हणून मुळीच नाही. सॅमसंगचा शेअर कोरियात, तो आपल्याकडून सहज घेताही येत नाही.

मग मुलाकडे वळलो. रांग खरी, पण ॲपलच्या जगभरच्या विक्रीत भारताचा वाटा तेव्हा जेमतेम दीड-दोन टक्के. बीकेसीत कितीही गर्दी झाली तरी न्यूयॉर्कमधला भाव त्याने हलत नाही. 2022 च्या आर्थिक वर्षात कंपनीची विक्री 394 अब्ज डॉलर, त्यात निम्म्याहून थोडा जास्त आयफोन. वस्तूंवर ढोबळ नफा (म्हणजे विक्रीतून माल बनवायचा खर्च वजा करून उरतं ते) 36 टक्के; ॲप स्टोअर, क्लाउड वगैरे सेवांवर 71 च्या पुढे.

इथे काकू पहिल्यांदा बोलल्या. "म्हणजे डब्यावर थोडं सुटतं, पण एकदा डबा लागला की लोणचं-चटणी आपल्याकडूनच जाते. असंच ना रे?" असंच. ॲनालिस्टांचे चाळीस पानी रिपोर्ट मी वाचतो, त्यांतही हे इतकं सरळ सापडत नाही.

पुढचा तास कंटाळवाणा, पण खरं काम त्यातच होतं. बँकेतून डॉलर पाठवायचे. तेव्हाच्या नियमाने वर्षात 7 लाखांवर गेलं की 5 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर. बजेटप्रमाणे 1 जुलैपासून तो 20 टक्के होणार होता (पुढे ती तारीख ऑक्टोबरवर गेली). लाभांशातून अमेरिका 25 टक्के आधीच कापते. रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायचा. आणि सहसा कुणी सांगत नाही ते: माणूस गेला आणि तिकडचे शेअर 60,000 डॉलरच्या वर असले, तर अमेरिकेचा वारसा कर लागू शकतो. मुलगा तोवर मोबाइलमध्ये शिरला होता. काकू मात्र पोळ्यांच्या ऑर्डरच्या वहीत सगळं उतरवून घेत होत्या.

शेवटी ठरलं: चार लाख ॲपल, बाकीचे इथल्याच इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकातल्या सगळ्याच कंपन्यांत थोडे थोडे. मला चारसुद्धा एका शेअरमध्ये जास्त वाटत होते आणि तसं मी बोललोही. काकू म्हणाल्या, "पोराचा हट्ट आहे, चार जाऊ देत."

मे महिन्याच्या सुरुवातीला ॲपलचे निकाल आले. तिमाहीची विक्री 3 टक्क्यांनी घटली आणि शेअर एका दिवसात साडेचार टक्क्यांहून जास्त वर, 173 डॉलरच्या पुढे. शनिवारी सकाळी आठला काकूंचा फोन. "विक्री कमी, भाव जास्त. तुझ्या धंद्याला काही ताळतंत्र आहे की नाही?" म्हटलं, बाजाराने याहून वाईट धरलं होतं, मॅक कॉम्प्युटरची विक्री पडली पण आयफोनची 2 टक्के वाढली, शिवाय 90 अब्ज डॉलरचे स्वतःचेच शेअर परत विकत घ्यायला कंपनीने मंजुरी दिलीय.

"स्वतःचेच? ते कशाला?"

ते समजावण्यात अर्धा तास गेला. त्या दिवशी त्यांचे दुपारचे डबे उशिरा निघाले, असं मुलाने नंतर सांगितलं.