तुम्ही विचारलंत म्हणून: घरी पहिला लेथ कोणता घ्यावा?

"काका, घरी ठेवायला छोटा लेथ घ्यायचाय. कोणता घेऊ?" महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. लेथ म्हणजे धातूचा तुकडा गोल फिरवत ठेवून त्याला कापून आकार देणारं यंत्र. कधी आयटीआयचा पोरगा, कधी रिटायर झालेले इंजिनीअर. मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बावीस वर्षं टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा कारागीर होतो आणि आता कळव्याला तळमजल्यावरच्या खोलीत माझा स्वतःचा लेथ आहे, म्हणून माझ्याकडे येतात. मी उलट विचारतो, राहता कितव्या मजल्यावर?

हसू नका, निम्मं उत्तर त्यातच आहे. वरच्या मजल्यावर राहत असाल तर नवा मिनी लेथ घ्या. १८० मिमी स्विंग (म्हणजे जास्तीत जास्त इतक्या व्यासाचा तुकडा फिरतो), सेंटरमधलं अंतर (तुकड्याची जास्तीत जास्त लांबी) ३०० ते ३५० मिमी, वजन ४० किलोच्या आसपास. दोघं मिळून लिफ्टमधून नेतात, घरच्या प्लगवर चालतो. पितळ, अॅल्युमिनियम, बारीकसारीक माइल्ड स्टील आरामात होतं. मात्र जरा जाड कट घेतला की थरथरतो, आणि पार्टिंग टूल (तुकडा कापून वेगळा करायचं हत्यार) लावलं की घाम काढतो. पेटीतून निघाला तो तयार लेथ असं समजू नका. स्लाइड (टूल पुढेमागे नेणारे सरकते भाग) उघडा, रॉकेलने धुवा, गिब (स्लाइडचा ढिलेपणा काढणारी पट्टी) हाताने बसवा, मग जॉब, म्हणजे कापायचा तुकडा लावा.

तळमजला किंवा गाळा असेल तर मी जुन्या, वापरलेल्या लेथच्या बाजूचा. राजकोटचे, बटाल्याचे साडेचार फुटी लेथ जुन्या बाजारात अजून दिसतात. वजन चांगलं पाच-सहाशे किलोंच्या घरात, त्यामुळे कट शांत लागतो. अडचण मोटारीची, ती बहुधा थ्री फेज असते. घरी सिंगल फेज असेल तर मोटार डेल्टात (थ्री फेज मोटारीच्या जोडणीची एक पद्धत) जोडता येते का ते बघून व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेजवर थ्री फेज मोटार चालवणारं उपकरण लावायचा. हे काम वायरमनकडूनच करून घ्या.

जुन्यात मी स्वतः फसलोय. पहिला लेथ घेतला तेव्हा विकणारा म्हणाला, "साहेब, एकदम कंडिशनमध्ये." चकाचक हिरवा रंग होता. घरी आणून बार लावला तर एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक. चक म्हणजे जॉब धरणारी पकड, तिच्याजवळचा बेड (लेथचा लांब पाया) वर्षानुवर्षांच्या कामाने झिजला होता. तेव्हापासून माझी रीत ठरलेली. कॅरेज (बेडवर सरकणारा, टूल धरणारा भाग) चकजवळ न्यायचं, त्याचा लॉक हलकासा आवळायचा, इतकाच की किंचित ओढ लागावी. मग हळूहळू टेलस्टॉककडे, म्हणजे चकच्या विरुद्ध टोकाकडे सरकवायचं. तिकडचा बेड कमी वापरलेला, म्हणून मधेच कॅरेज घट्ट होऊन अडकलं की समजायचं, चकजवळचा बेड खाल्लाय. शेवटपर्यंत सारखंच सरकलं तर पुढची बोलणी करायची. रंग बघून भाव ठरवू नका. नवा रंग दिसला तर मी उलट दोनदा बघतो.

पैशाचं म्हणाल तर सगळे मशीनवर उडवू नका. चार जबड्यांचा चक, व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं माप) आणि एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलना धार लावायला बेंच ग्राइंडर, यांसाठी बऱ्यापैकी रक्कम बाजूला ठेवा. कार्बाइडच्या इन्सर्टांचा (टूलवर बसवायच्या तयार, फार कठीण तुकड्यांचा) मोह नवशिक्याला होतोच, पण छोट्या लेथला तितका वेग आणि ताकद नसते. स्वतः धार लावलेलं एचएसएस तिथे जास्त खुशीत कापतं. आणि चकची चावी! जॉब आवळून झाला की ती हातात हवी, चकमध्ये नव्हे. हातमोजे घालून लेथवर कुणी उभं राहिलं तर मी आधी मशीन बंद करतो.

पावसाळ्यात लेथ प्लॅस्टिकने झाकू नका, आत दमट राहून रात्रीत गंज धरतो. बेडवर तेलाचा हात फिरवा आणि सुती कापड टाका.

जुना लेथ बघायला नवी मुंबईत रबाळे, महापेकडे जाणार असाल तर डायल गेज माझा घेऊन जा, चुंबकाच्या स्टँडसकट. फक्त परत देताना पुसून द्या, मागच्या वेळी ज्याने नेला त्याने कूलंटसकट (कापताना ओतायच्या थंडाव्याच्या द्रवासकट) परत आणला होता.