बसलं की दम, झोपलं की बरं

आज ठाण्यात आईचा बबल इको (शिरेतून बुडबुडे सोडून केलेली हृदयाची सोनोग्राफी) झाला. तिचं सगळं उलटंच! आडवी असली की ऑक्सिजन ९६, उठून बसली की ८४ आणि दम. जांभळी नाक्यावर भाजी घेताना पायरीवर टेकायची, तरी धाप थांबायची नाही. हृदयविकारात सहसा आडवं झाल्यावर दम वाढतो, त्यामुळे "मनाचं आहे हो" हे ऐकून ती वैतागली होती. (काकूंनी तर दृष्टही काढली.)

सलाईन दोन सिरिंजमधून घुसळून शिरेत सोडलं. आई झोपलेली, तेव्हा डाव्या कप्प्यात चार-दोनच बुडबुडे. बसवलं, आणि डावा कप्पा पांढऱ्या ठिपक्यांनी गच्च!

गर्भात हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये वाट असते. साधारण चारातल्या एकाची ती पुढेही पूर्ण मिटत नाही, बहुतेकांना पत्ताही नसतो. आईची महाधमनी वयाने रुंदावलीय, त्यामुळे बसलं की ती वाट उघडते आणि अशुद्ध रक्त फुप्फुसांना वगळून पुढे जातं. आता जांघेतल्या शिरेतून नळी घालून ती वाट बुजवतील, छाती उघडायची गरज नाही.

घरात कुणाला असा दम लागत असेल तर ऑक्सिजन झोपून आणि बसून, दोन्ही वेळा मोजा. आणि दोन्ही आकडे डॉक्टरांना दाखवा.